पटाचा कॉम्प्युटर

"चालून दाखव," काकाजी म्हणाले.

साकोलीत भाड्याची खोली शोधत दिवसभर फिरून मी त्यांच्या ओट्यापाशी पोचले होते. तोवरच्या प्रत्येक घरात आधी आडनाव विचारलं होतं, मग गाव, आणि मग 'खोली भाच्यासाठी ठेवली आहे' असं गोड आवाजात सांगून दार लावून घेतलं होतं. आम्ही करडीचे, आजोबांच्या काळापासून बौद्ध. त्यामुळे असले भाचे मला पाठ झाले होते. काकाजींनी आडनाव विचारलंच नाही. बसल्या जागेवरून मला खालून वर न्याहाळलं आणि फाटकापर्यंत जाऊन परत यायला सांगितलं.

"मी काय बैल आहो का, काकाजी?"

"बैल असती तं दात बी पाह्यले असते."

मी चालून दाखवलं, पण रागानं. फाटकाला एक धक्का मारला आणि तरातरा परत आले. त्यांनी आत आवाज दिला, "अवं, हे पोट्टी पाय घासत नाई. देऊन टाक खोली." पाय घासत चालणारं माणूस घरात आलं की आधी फरशी जाते आणि मग घरच्यांचं डोकं, असं त्यांचं ठाम मत होतं. काकी चावी घेऊन बाहेर आल्या आणि माझ्या कानाशी म्हणाल्या, "मनावर नोको घेऊ बाई. माहं लगन जमलं तवा मलेबी चालवलं होतं."

सिव्हिलचा डिप्लोमा झाला आहे कळल्यापासून मी त्यांची 'इंजिनेर' झाले. सकाळी मी ब्रश तोंडात घालून अंगणात उभी, आणि ते गोठ्यातून ओरडायचे, "काय वं इंजिनेर, उठली का?" आता समोर दात घासणारं माणूस दिसतं आहे, तर ते उठलेलंच असणार ना! पण उत्तर दिल्याशिवाय दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा तेच. शेजारच्यांना माझी उठायची वेळ तोंडपाठ झाली होती.

वस्तू चालवून पाहिल्याशिवाय घ्यायची नाही, हा त्यांचा धर्म होता. छत्री घ्यायची तर दुकानातच उघडून नळाखाली धरायची. खाट घ्यायला गेले तेव्हा तिच्यावर पसरले, आणि एवढे गाढ झोपले की दुकानदारानं जेवायला घरी जाताना नोकराला सांगितलं, काकाजी उठले की कुलूप लाव. गावात नवा डॉक्टर आला तेव्हा हे तपासून घ्यायला गेले आणि स्टुलावर बसून आधी त्यालाच विचारलं, "तुमची तब्येत कशी राह्यते?" डॉक्टरला शिंक आली. काकाजी गोळ्या न घेताच परत आले.

एकदा मनात बसलं की ते तिथून हलत नसे. भंडारा जिल्ह्याचे दोन जिल्हे होऊन किती वर्षं लोटली, पण गोंदियाकडे दिलेल्या बहिणीला कार्ड लिहिताना ते पत्त्याखाली 'जिल्हा भंडारा' असंच लिहायचे. मी एकदा टोकलं. तर म्हणाले, "वाटणी झाली म्हून भाऊ परका होते का? जाते पत्र. आजवर कोण्या पोस्टमननं वापस नाई आणलं." पत्र जातही असे, हे मला कबूल करावं लागलं.

आणि बैल. काकाजींच्या गोठ्यात एक पांढराशुभ्र, उंच, अंगावर माशी बसली तरी थरारणारा बैल होता. पटाचा बैल. आमच्याकडे बैलांच्या शर्यतीला पट म्हणतात, आणि एकेकाळी काकाजींची जोडी पटात सुटली की सानगडीपासूनचे लोक रस्ता अडवून उभे राहत. पुढं पट बंद झाले. जोडीतला एक म्हातारा होऊन गेला, एक राहिला. त्याला शेतीचं काम माहीत नव्हतं आणि काकाजी ते शिकवूही देत नव्हते. तो सरकीची ढेप खायचा आणि रस्त्यावरच्या ट्रककडे तुच्छतेनं बघायचा. काकी त्याला 'जावईबापू' म्हणत. "जावयाचं जेवण झालं का? मंग घरच्यायनं जेवाचं," असं त्या भर अंगणात म्हणायच्या, आणि काकाजींना ऐकू यायचं नाही.

अशा माणसाच्या घरात मी माझा लॅपटॉप घेऊन राहत होते.

तो लॅपटॉप दादाचा. दादा पुण्यात नोकरीला. त्यानं नवा घेतला तेव्हा जुना मला दिला. बिजागरी तुटलेली, म्हणून पडद्याच्या मागे मी शंकरपाळ्यांचा डबा टेकवून ठेवायची. चार्जर जरा हलला की बंद. तापला की बंद. पंख्याचा आवाज एवढा की काकी म्हणायच्या, तुह्या खोलीत कोणी दळून राहिलं का? लोकांच्या घरांचे साधे नकाशे त्यावर कसेबसे व्हायचे. पण मला एक काम मिळालं होतं, ज्याच्यावर माझं सगळं ठरणार होतं.

नागपूरच्या एका आर्किटेक्ट सरांनी मला घरांचे व्ह्यू करून पाठवायला सांगितलं होतं. न बांधलेलं घर बांधल्यासारखं दिसलं पाहिजे, खिडकीतून ऊन आत आलेलं, भिंतीला रंग लागलेला. असं चित्र कॉम्प्युटर घोटून घोटून तयार करतो, त्याला आमच्या धंद्यात रेंडर म्हणतात. एक काम नमुन्याला, पसंत पडलं तर कायमचं. घरच्यांशी माझा वायदा होता, की दिवाळीपर्यंत साकोलीत माझं बस्तान बसलं तर ठीक, नाहीतर दादानं पुण्यात बघून ठेवलेल्या कंपनीत फोन उचलायला जायचं. मला फोन उचलायचे नव्हते. मला माझ्या गावाजवळ राहून, माझ्या टेबलावर, माझ्या नावानं काम करायचं होतं. एवढंच हवं होतं, पण ते अगदी हवंच होतं.

आणि लॅपटॉप काय करायचा? सकाळी रेंडर लावलं की दुपारी जेवेपर्यंत अर्धं चित्र. मग एक निळा पडदा, त्यावर इंग्रजीत माफी, आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. एकदा मी एवढी वैतागले की उठून त्याला शिव्या दिल्या. काकाजी दारात आले.

"काहून ओरडून राहिली?"

"मरून राहिला हा. गरम होऊन राहिला."

त्यांनी हाताची पाठ लॅपटॉपवर ठेवली, ताप बघायला बैलाच्या कानाला लावतात तशी. मग गोठ्यातून ओलं पोतं आणून खिडकीला बांधलं. माझी खोली गारेगार झाली, पोत्याचा वास आठवडाभर गेला नाही, आणि लॅपटॉप तासाभरानं होता तसाच बंद पडला.

दुरुस्तीवाला म्हणाला, अजून एकदा करून देतो, पण पुढची गॅरंटी नाही. माझ्याबरोबर डिप्लोमा केलेल्या मैत्रिणीनं सांगितलं, सरळ गेमिंग कॉम्प्युटर घे. गेममध्ये चित्रं भराभर काढायला जे कार्ड लागतं तेच रेंडरला लागतं. मला पटलं. पण मी जमवलेल्या पैशांत एकच काहीतरी होणार होतं, आणि चुकलं तर दुसरी संधी नव्हती. मी घरी फोन केला. बाबा म्हणाले, "गेमचा कॉम्प्युटर? आणि काम कशावर करशील?" दादा म्हणाला, "मी दिलेला चालत नाही म्हणजे तुला तो वापरता येत नाही." मग मी काकाजींना विचारलं. का विचारलं, देव जाणे. समोर होते म्हणून.

"गेमिंग म्हंजे?"

"खेळाचा. पण मी खेळासाठी नाई घेऊन राहिली. त्याची ताकद जास्त असते."

"म्हंजे पटाचा बैल." काकाजींनी तंबाखू मळायची थांबवली. "नोको घेऊ."

"काहून?"

"पटाचा बैल नांगराचं काम नाई करत वं. अन् तो घरी आला का मंग घर त्याच्या मांगं धावते. मले विचार. पट होता म्हून मी पोरीच्या लग्नाची तारीख बदलली. नवरदेवाकडच्यायले सांगतलं, मुहूर्त चांगला नाई. अजून पोरगी टोमणे मारते." ते गोठ्याकडे बघत राहिले. मला वाटलं आता डोळ्यांत पाणी येतं की काय. तर म्हणाले, "पण जोडी सुटाची तवा, इंजिनेर... बाप्पा! काय सुटाची!"

नाही म्हणाले आणि वर दुसऱ्या दिवशी सकाळी धुतलेलं धोतर, खांद्यावर दुपट्टा, असे तयार होऊन ओट्यावर बसले. म्हणाले, "चाल भंडाऱ्याले. जनावर पाह्यल्याशिवाय त्याले नावं नाई ठेवाची." मी म्हटलं, नागपूरला जास्त दुकानं आहेत. "नागपूरले गेलं का माणूस घाई करते," असं म्हणून ते एसटी स्टँडकडे चालायलाही लागले होते.

भंडाऱ्याच्या त्या दुकानात काउंटरवर एक गोरागोमटा तरुण मालक होता. त्यानं मला खुर्ची दिली, काकाजींना पाण्याची बाटली दिली, आणि काचेच्या पेटीसारखा एक कॉम्प्युटर चालू करून दाखवला. आत लाल-निळे दिवे फिरायला लागले.

"हे लायटा कायले?"

"शोसाठी, काका."

"शिंगं रंगवल्यावानी," काकाजी माझ्याकडे वळून म्हणाले. त्यांनी पेटीभोवती एक फेरी मारली. पाठीमागून वारा येत होता तिथं हात धरला, मग वाकून कान लावला. दुकानातली बाकीची गिऱ्हाइकं मोबाईल बघायची थांबली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"श्वास मोकळा आहे," काकाजी म्हणाले. "पण नुसता उभा काय दाखवून राहिला बाबू? जुंप त्याले."

मालकाला कळेना. मी पेन ड्राइव्ह काढला. माझं नागपूरचं अर्धवट काम त्यात होतं. मालक हसला, पण त्यानं लावून दिलं. रेंडर सुरू झालं. काकाजींनी पेटीच्या डोक्यावर हात ठेवला आणि डोळे मिटले. मालकानं चहा सांगितला होता. तो चहा यायच्या आत माझं घर पडद्यावर उभं राहिलं. ओटा, त्यावर पडलेलं ऊन, जाळीच्या सावलीसकट. माझ्या लॅपटॉपवर ते मी कधी पूर्ण पाहिलंच नव्हतं. मी स्वतः काढलेलं घर मी पहिल्यांदा पाहत होते.

"गरम नाई झाला," काकाजींनी डोळे उघडून सांगितलं.

"घेऊ का मग?"

"माह्या मनात अजून नाईच आहे. पण बसाचं तुले आहे त्याच्यापाशी. तू बोल."

एवढ्या दिवसांत मी बाबांना विचारलं होतं, दादाला, मैत्रिणीला, दुरुस्तीवाल्याला. 'तू बोल' असं कोणी म्हटलं नव्हतं. मी म्हटलं, "घ्यायचा. हाच घ्यायचा."

"मंग बाजूले हो," असं म्हणून काकाजींनी खांद्यावरचा दुपट्टा काढला, मालकाच्या उजव्या हातावर टाकला आणि दुपट्ट्याखालून त्याची बोटं धरली.

आमच्याकडे बैलाचा सौदा असाच होतो. भाव तोंडानं बोलायचा नाही. कापडाखाली बोटं दाबून सांगायचा, म्हणजे बाजारात उभ्या असलेल्या दुसऱ्याला कळत नाही. हे मला ठाऊक होतं. त्या मालकाला ठाऊक नव्हतं. काका आपला हात पाहून भविष्य सांगतात असं त्याला वाटलं असावं. तो आधी हसला, मग घाबरला. काकाजी त्याच्या डोळ्यांत रोखून बघत बोटं दाबत होते, सोडत होते, पुन्हा दाबत होते. "जमते?" त्यांनी विचारलं. हात सुटावा म्हणून तो म्हणाला, "हो हो, काका. जमते."

"सौदा झाला!" काकाजींनी त्याच्या तळव्यावर फाडकन टाळी मारली.

"कितीत झाला?" मी विचारलं.

काकाजींनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी भर बाजारात अभद्र बोलले. "चारचौघात भाव सांगतात का?"

"काका, पण मला तर सांगा," मालक काकुळतीनं म्हणाला. "बिल कितीचं करू?"

"तुले सांगतलं न आता हातात."

"मला नाही समजलं ना!"

"मंग हाव काहून म्हटलं?"

झालं! मालक पाटीवरची किंमत दाखवतो आहे, काकाजी दिलेला शब्द दाखवताहेत, गिऱ्हाइकं कडेनं गोळा झाली आहेत, आणि मी मध्ये. मी कानात सांगा म्हटलं तर काकाजी म्हणाले, सौदा फिरल्यासारखा होते. वाटलं, हा कॉम्प्युटर असाच भंडाऱ्यात राहणार आणि मी पुण्याला जाऊन फोन उचलणार. हसावं की रडावं कळेना. मी रडण्याच्या बाजूला जास्त होते.

तेवढ्यात मागच्या खोलीचा पडदा सरकला. मालकाचे वडील, पांढरा पायजमा-सदरा, हातात वर्तमानपत्र. त्यांनी दुपट्टा पाहिला, आणि त्यांचा चेहराच बदलला. "कोण्या बाजाराचे, काकाजी?"

"सानगडीचा बाजार आपला."

"आमचे वडील बाजारात ढेप विकत. लहानपणी मी दिवसभर हे सौदेच पाहत बसायचो." शेठजी काउंटरच्या बाहेर आले, वर्तमानपत्र मुलाच्या हातात दिलं आणि बाही सरकवून उजवा हात पुढे केला. "कित्येक वर्षांत कुणी कापड टाकलं नाही हो. टाका."

पुढं जे झालं ते मी फक्त वरून पाहिलं. दोघं म्हातारे शाळेतल्या मित्रांसारखे समोरासमोर उभे, मध्ये दुपट्टा. खाली काय चाललं होतं ते त्यांनाच माहीत. वर शेठजींच्या भुवया चढत, काकाजी जीभ टाळूला लावून च्यक करत. "जनावर नवं आहे, काकाजी." "नवं आहे, पण काम शिकवाचं आहे अजून." "शिंगं तर पाहा." "लायटा काढून घ्या तुमच्या." पुन्हा चहा आला आणि गारही झाला. शेवटी दोघंही एकदम थांबले, एकमेकांकडे बघून हसले, आणि शेठजींनी मुलाच्या कानात आकडा सांगितला. मुलाचा चेहरा पडला. मी बिल पाहिलं तेव्हा माझा फुलला. आकडा सांगत नाही. चारचौघात भाव सांगू नये.

कॉम्प्युटर घरी आला तेव्हा काकींनी त्याला कुंकू लावायला ताट आणलं. काकाजी म्हणाले, "एक जावई होता, आता दोन झाले." काकी चाट पडल्या. म्हणजे इतकी वर्षं त्यांना सगळं ऐकू येत होतं!

मी कामाला लागले. व्ह्यू नागपूरला गेले. सरांचा फोन आला, आणि त्यांनी जे सांगितलं ते मी अपेक्षिलंच नव्हतं. काम फार आवडलं. इतकं, की आता तिकडून पाठवू नकोस. नागपूरला ये, ऑफिसमध्ये बस, पगार देतो, मशीन इथं आहे. घरी कळवलं तर आनंदीआनंद. बाबा म्हणाले, पेढे आणतो. दादा म्हणाला, तो लॅपटॉपच मग पुरला असता की. मला मात्र आनंद होत नव्हता. ज्याच्यासाठी एवढा आटापिटा केला, तेच माझ्या हातून काढून घेत होते, आणि वर बक्षीस म्हणून.

मी सरांना परत फोन लावला. "सर, मशीन इथं आहे आणि मी इथं आहे. काम पसंत असेल तर इथं पाठवा. वेळेवर मिळेल. ऑफिसात येऊन बसणार नाही मी."

सर म्हणाले, "कळवतो."

हे 'कळवतो' फार वाईट. नाही म्हटलेलं बरं. बाबा फोनवर बोलेनात. काकींच्या हातचा वडाभात, तोही जाईना. काकाजींनी तर काही विचारलंच नाही. सकाळचं 'उठली का'सुद्धा बंद. मला वाटलं, यांनाही आपण मूर्ख वाटलो. खरंच वाईट वाटलं मला.

आणि एका सकाळी सरांचा मेल आला. खाली 'ठीक आहे' एवढंच लिहिलेलं, आणि वर नव्या घराची फाइल.

मी अनवाणी धावत गोठ्यात गेले. काकाजी बैलाची पाठ घासत होते.

"काम आलं, काकाजी!"

"नागपूरले जाचं?"

"नाई. इथंच पाठवलं. इथंच करायचं आता."

"कायमचं?"

"कायमचं."

त्यांनी घासायचं थांबवलं नाही. "मंग पुढच्या मयन्यापासून भाडं वाढवावं लागन."

मी बघतच राहिले. एवढ्या मोठ्या बातमीवर हे? चांगलं झालं नाही, शाबास नाही, डोक्यावर हात नाही. डोळ्यांत पाणीच आलं. "वा काकाजी! शोभलं तुमाले," असं म्हणून मी तरातरा परत आले, तर ओट्यावर काकी पदर तोंडाला लावून उभ्या. हसत होत्या की रडत होत्या, कळत नव्हतं.

"पाह्यलं, काकी? आज भाडं वाढवून राहिले माहं!"

"तुहं नशीब व बाई," काकी म्हणाल्या. "किती मास्तर आले, बँकवाले आले, थे ग्रामसेवक आले. कोणाचंच भाडं वाढवलं नाई यायनं कधी. मी म्हणो वाढवा, तं म्हणे, जाणाऱ्याचं कायले वाढवाचं?"